नावेचें लाकूड आणि पोथीची साक्ष

(१)

परभणी जिल्ह्यांत गोदावरी पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा या तालुक्यांच्या अंगानें वाहते, आणि पूर्णा नदी याच जिल्ह्यांत तिला येऊन मिळते. पूल होण्यापूर्वीं पावसाळ्याचे दिवस आले कीं या तीरावरील गांवांस पैलतीराशीं व्यवहार ठेवण्यास नावेवांचून दुसरें चांगलें साधन नसे. नाव म्हटली कीं लाकूड आलें. आणि लाकूड आलें कीं तें कोणतें, कोठून आणलेलें, कोणी निवडलेलें, हे प्रश्न ओघानेंच आले. इतिहासाच्या अभ्यासकास हे प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण त्यानें राक्षसभुवनचा प्रसंग आठवावा. हें गांव परभणी जिल्ह्याच्या वरच्या अंगास, गोदावरीच्याच कांठीं, बीड जिल्ह्यांत आहे. ता. १० ऑगस्ट १७६३ रोजीं तेथें निजामअल्लीची फौज भरल्या नदीनें दुभंगली होती. खुद्द निजाम पैलतीरीं गेला होता; मागें राहिलेल्या फौजेवर मराठे तुटून पडले आणि त्या लढाईंत त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला. मध्यें नदी असल्यामुळें धन्यास आपल्या दिवाणास साह्य करतां आलें नाहीं. पुरांत एका दिवसांत किती माणूस पार होतें हें नावांच्या संख्येवर, आणि नावांची संख्या अखेर लाकडावर अवलंबून असते. तेव्हां हा विषय केवळ सुताराचा नव्हे.

नावेच्या लाकडाविषयीं लिहूं लागलें कीं दोन ग्रंथांची साक्ष काढण्याचा प्रघात पडला आहे. एक संस्कृत, भोजराजाच्या नांवावर चालणारा ‘युक्तिकल्पतरु’. दुसरा मराठी, रामचंद्रपंत अमात्यांचें ‘आज्ञापत्र’. दोन्ही ग्रंथांची योग्यता मोठी आहे. परंतु या साक्षी नेमक्या कशाविषयींच्या आहेत हें न तपासतां त्या सरसकट कोणत्याही होडीस लावल्या जातात, आणि गोदातीरावरील एखाद्या नावेची हकीकत लिहितांना तीरावर न जातां पोथी उघडली जाते. प्रस्तुत लेखांत या दोन साक्षींचें परीक्षण करून, परभणीकडील गोदावरीस त्यांतील काय लागू पडतें व काय पडत नाहीं, हें दाखविण्याचा विचार आहे.

(२)

युक्तिकल्पतरूंतील नौकाप्रकरणाकडे विद्वानांचें लक्ष वेधलें तें राधाकुमुद मुखर्जी यांनीं. प्राचीन भारतीय नौकानयनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ इ. स. १९१२ मध्यें प्रसिद्ध झाला, त्या वेळीं युक्तिकल्पतरु छापलेला नव्हता. त्यांनीं हस्तलिखिताचा आधार घेतला. पुढें १९१७ मध्यें पंडित ईश्वरचंद्र शास्त्री यांनीं तो कलकत्त्यास छापला. तेव्हांपासून त्यांतील लाकडाचें वर्गीकरण आपल्याकडील लेखांतून वारंवार फिरत आहे.

तें वर्गीकरण असें: जें लाकूड हलकें, मऊ व दुसऱ्या लाकडाशीं सहज जुळणारें तें ब्राह्मण, हलकें पण कठीण व न जुळणारें तें क्षत्रिय, मऊ व जड तें वैश्य, कठीण व जड तें शूद्र. भोजाच्या मतें क्षत्रिय जातीच्या लाकडाची नाव सुखसंपत्ति देते. आणि भिन्न जातींचीं लाकडें एकत्र करून केलेली नाव टिकत नाहीं, पाण्यांत कुजते व थोड्या धक्क्यानेंही फुटते. शिवाय समुद्रांत जाणाऱ्या नावेच्या फळ्या लोखंडानें जोडूं नयेत, कारण समुद्रांतील लोहचुंबकाचे खडक तिला ओढून घेतात, असेंही ग्रंथकार सांगतो.

या वर्गीकरणांतील वर्णांचीं नांवें बाजूस ठेवलीं तर मागें दोन गुण उरतात: वजन आणि कठिणपणा. हे दोन्ही गुण खरोखरच पाहण्यासारखे आहेत. परंतु नावेच्या लाकडास याहून महत्त्वाचा जो तिसरा गुण, ओल आणि ऊन यांचा फेरा सोसण्याचा, त्याला या चौकटींत जागाच नाहीं. सागवान हें फार जड नाहीं आणि फार कठीणही नाहीं. बाभूळ त्याहून जड व कठीण आहे. तरी जगभरच्या जहाजबांध्यांनीं सागवानास पहिला मान दिला, याचें कारण त्याच्या अंगांत असलेलें तेल. त्या तेलानें तें कुजत नाहीं, वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं, भिजून फुगणें व वाळून आकसणें या दोन्ही गोष्टी त्यांत थोड्या होतात, आणि त्यांत ठोकलेलें लोखंड लवकर गंजत नाहीं. मुंबईच्या गोदींत वाडिया घराण्याच्या हातून उतरलेली ‘त्रिंकोमाली’ ही युद्धनौका इ. स. १८१७ मध्यें मलबारी सागवानाची बांधली गेली. ती आज इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर उभी आहे. सागवानाचा हा गुण युक्तिकल्पतरूच्या चार जातींपैकीं कोणत्याही जातीच्या लक्षणांत येत नाहीं.

ग्रंथांतील मापें पाहिलीं म्हणजे शंका अधिक बळावते. नदींत चालणाऱ्या सामान्य नावांचे दहा प्रकार त्यांत दिले आहेत. पहिला प्रकार ‘क्षुद्रा’: लांबी १६ हात, रुंदी ४, उंची ४. ही नाव समजण्यासारखी आहे. शेवटचा प्रकार ‘मंथरा’: लांबी १२० हात, रुंदी ६०, उंची ६०. हात दीड फुटाचा धरला तर ही नदींतील नाव १८० फूट लांब, ९० फूट रुंद व ९० फूट उंच होते. वर सांगितलेली त्रिंकोमाली समुद्रावर लढण्यासाठीं बांधलेली, तरी तिची लांबी सुमारें १५० फूट व रुंदी सुमारें ४० फूट. गंगाखेडच्या घाटावर ‘मंथरा’ तरंगली असती कीं घाटच तिच्यावर टेकला असता, याचा निर्णय वाचकांनींच करावा. हे आंकडे करवत आणि वाकस हातीं धरणाऱ्याचे नव्हेत. एका मापास क्रमानें वाढवीत जाणाऱ्या पंडिताचे आहेत. ज्या ग्रंथाच्या मापांवर सुतार विश्वास ठेवणार नाहीं, त्याच्या लाकूड-निवडीवर संशोधकानें डोळे मिटून विश्वास कां ठेवावा?

येथें एक गोष्ट न्यायबुद्धीनें कबूल केली पाहिजे. पोथींतील प्रत्येक वचन पोकळ नसतें. कधीं कधीं अनुभवाचा दाणा कल्पनेच्या फोलांत दडलेला असतो. लोहचुंबकाचे खडक ही दंतकथाच. पण पश्चिम किनाऱ्यावर फळ्या काथ्यानें शिवून नावा बांधण्याची चाल खरी होती, आणि तिचें कारण म्हणून ही कथा सांगितली जात असावी. तसेंच भिन्न लाकडें न मिसळण्याचें वचन. नावेच्या कवचांत शेजारी शेजारी बसविलेल्या दोन फळ्यांपैकीं एक पाण्यानें अधिक फुगणारी व दुसरी कमी फुगणारी असेल, तर सांधा उघडतो, खिळे ढिले होतात आणि नाव गळूं लागते. एवढ्यापुरतें भोजाचें वचन कोणताही जाणता सुतार मान्य करील. परंतु फळी एका लाकडाची, आंतील वांक दुसऱ्याचे, वल्हें तिसऱ्याचें, हा तर नावबांधणीचा नेहमींचा क्रम आहे. नियम एका भागाच्या आंत खरा आहे. सबंध नावेस लावला कीं खोटा ठरतो. दुरुस्तीच्या वेळीं हा भेद विशेष उपयोगी पडतो. जुन्या आंब्याच्या फळ्यांमध्यें एक नवी सागवानी फळी बसविली तर ती फळी टिकते, पण तिच्या दोन्ही बाजूंचे सांधे टिकत नाहींत. दुरुस्तीचें लाकूड सर्वांत उत्तम असण्यापेक्षां जुन्या फळीच्या स्वभावाचें असावें लागतें.

(३)

आतां आज्ञापत्राकडे वळूं. हा ग्रंथ शिवाजीमहाराजांच्या नांवावर खपविण्याची लोकांस संवय लागली आहे. वृक्षतोडीविषयींचा त्यांतील मजकूर तर हल्लीं जेथें तेथें शिवाजीमहाराजांची आज्ञा म्हणून छापला जातो. वस्तुतः आज्ञापत्र रामचंद्र नीळकंठ बावडेकर अमात्य यांनीं कोल्हापूरच्या संभाजीमहाराजांच्या कारकीर्दींत, इ. स. १७१५ च्या सुमारास, धन्याच्या मुखानें लिहिलें. अमात्यांनीं थोरल्या महाराजांची सेवा केली होती आणि त्यांचें राजकारण जवळून पाहिलें होतें, म्हणून त्या धोरणाचा वास या ग्रंथास येतो हें खरें. चिपळूणच्या छावणींतील सरदारांस १६७३ मध्यें गेलेल्या महाराजांच्या पत्रांत रयतेच्या घरचा दाणा, गवत व लाकूडफांटा न घेण्याची ताकीद आहे. त्या पत्राशीं आज्ञापत्रांतील मजकुराचें नातें स्पष्ट आहे. पण नातें असणें निराळें आणि तोच कागद असणें निराळें. संग्राहकांनीं तरी हा भेद ढळूं देऊं नये.

आरमाराच्या प्रकरणांत अमात्य सांगतात त्याचा सारांश असा: आरमारास तख्त्यांचें, सोटांचें, डोलकाठ्यांचें थोर लाकूड लागतें. राज्यांतील अरण्यांत सागवान वगैरे वृक्ष आहेत, त्यांतील सोयीचें तें हुजूरची परवानगी घेऊन तोडावें; अधिक लागेल तें परमुलुखांतून विकत आणावें. आंबा, फणस हींही झाडें आरमाराच्या उपयोगाचीं, परंतु त्यांस हात लावूं नये. कारण तीं वर्षा दोन वर्षांत होत नाहींत, रयतेनें तीं मुलांप्रमाणें जतन केलेलीं असतात, आणि तीं तोडल्यानें तिच्या दुःखास सीमा राहत नाहीं. एखादें झाड जीर्ण होऊन निरुपयोगी झालेंच असेल, तर मालकास समजावून, मोल देऊन, त्याच्या संतोषानें तोडावें. जबरदस्ती मुळींच करूं नये.

हा उतारा राज्यनीतीचा म्हणून जितका वाखाणावा तितका थोडाच. परंतु लाकडाच्या निवडीची साक्ष म्हणून तो वाचतांना तीन गोष्टी ध्यानांत घ्याव्या लागतात.

पहिली: आंबा-फणसास मना केली आहे ती लाकूड वाईट म्हणून नव्हे. तीं आरमाराच्या कामाचीं आहेत असें अमात्यांनीं आधीं कबूल केलें आहे. तेव्हां आंब्याचें लाकूड नावेस चालत नसे असा अर्थ या उताऱ्यावरून काढणें म्हणजे उताऱ्याच्या नेमकें उलट जाणें होय.

दुसरी: ज्या झाडास सूट दिली आहे तें जीर्ण, कामांतून गेलेलें झाड. पण जीर्ण आंबा बहुधा आंतून पोकळ असतो. त्याची फळी निघाली तरी सलग निघत नाहीं, गाभा भुसभुशीत झालेला असतो. नाव बांधणारा असें झाड आपण होऊन कधीं निवडणार नाहीं. ही सूट सुतारासाठीं नाहीं. रयत व सरकार यांच्यामधील तडजोडीसाठीं आहे. अमात्यांनीं झाडांची जी वांटणी केली ती अरण्यांतील झाड आणि रयतेचें झाड अशी, म्हणजे मालकीची आहे; लाकडाच्या गुणांची नाहीं. युक्तिकल्पतरूनें लाकडाची जात पाहिली, आज्ञापत्रानें झाडाचा धनी पाहिला. लाकूड नावेच्या कोणत्या भागास लागतें हें सुतार पाहतो, आणि तें या दोन्ही ग्रंथांत नाहीं.

तिसरी गोष्ट परभणीकरांस विशेष महत्त्वाची. आज्ञापत्राची सत्ता या मुलुखावर कधींच चालली नाहीं. पाथरी हें मोगली अमलांत वऱ्हाड सुभ्याचें सरकार होतें. आईन-इ-अकबरींत त्याची नोंद आहे. इ. स. १७२४ नंतर हा प्रदेश निजामाच्या राज्यांत गेला आणि सप्टेंबर १९४८ पर्यंत त्याच राज्यांत राहिला. म्हणून गोदातीरावरील एखाद्या गांवीं जुनी आमराई टिकलेली दिसली, तर ती आज्ञापत्रामुळें टिकली असें म्हणण्यास आधार नाहीं. ती टिकली असेल तर गांवच्या मालकानें राखली म्हणून. आणि एखाद्या आंब्याची नाव झाली असेल, तर तीही कोणत्या तरी मालकाशीं सौदा होऊनच झाली असली पाहिजे. अमात्यांनीं जें हुकमानें करविलें, तें येथें गांवच्या रीतीनें होत होतें कीं नव्हतें, याचें उत्तर गांवच्या कागदांनींच द्यावयाचें आहे.

(४)

आतां ग्रंथ मिटून नदीकडे पाहूं. समुद्र आणि गोदावरी यांत नावेच्या दृष्टीनें मोठा भेद आहे, आणि तो लक्षांत न घेतल्यामुळेंच कोंकणचा नियम देशावर लावण्याची चूक होते.

समुद्रांत लाकडाचा मोठा शत्रु म्हणजे लाकूड पोखरणारा कृमि. तो खाऱ्या पाण्याचा आहे. त्याच्या भयानेंच युरोपी आरमारें अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जहाजांच्या बुडास तांब्याचे पत्रे मारूं लागलीं. गोदावरीच्या गोड्या पाण्यांत हें संकट नाहीं. येथें शत्रु निराळे: ऊन, वाळवी आणि खडक. धरणें होण्यापूर्वीं गोदावरी पावसाळ्यांत दुथडी वाहे आणि उन्हाळ्यांत डोहांपुरती उरे. ठिकठिकाणीं उतार पडत आणि माणसें, बैलगाड्या पाण्यांतून पार होत. म्हणजे नाव वर्षांतील थोडे महिने पाण्यांत व बहुतेक महिने कांठावर. मराठवाड्याच्या उन्हांत फळी वाळते, आकसते, सांधे उघडतात. जमिनीस टेकलेल्या भागास वाळवी लागते. पुन्हां पूर येतांच तीच फळी भिजून फुगते. अनेक नद्यांवर नाव उन्हाळ्यांत डोहांत बुडवून ठेवण्याची युक्ति आहे ती याच कारणानें. तेव्हां येथील लाकडाची पहिली परीक्षा भिजण्या-वाळण्याचा फेरा सोसण्याची.

या परीक्षेंत सागवान पहिलें उतरतें. पण तें आणावें कोठून? मराठवाड्यांतील सागवानाचें मोठें रान म्हणजे किनवटचें. किनवट पैनगंगेच्या खोऱ्यांत आहे. पैनगंगा वर्धेस, वर्धा प्राणहितेच्या रूपानें गोदावरीस, तीही परभणीच्या फार खालीं जाऊन मिळते. ओंडके प्रवाहाबरोबर खालीं जातात, वर येत नाहींत. म्हणून किनवटचें सागवान पाण्यानें गंगाखेडास येणें शक्य नव्हतें. तें गाडीवरच आलें पाहिजे, आणि गाडीभाड्यानें त्याची किंमत वाढली पाहिजे. मनमाडाहून परभणी, पूर्णा या मार्गानें हैदराबादेकडे जाणारी रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली, तेव्हां कोठें दूरच्या रानांतील कापीव लाकूड या भागांत सहज येण्याची सोय झाली. त्यापूर्वींच्या सामान्य होडीसाठीं जवळ उभें असलेलें झाड पाहणें हाच व्यवहार होता.

जवळचीं झाडें म्हणजे मुख्यतः बाभूळ व आंबा. काळ्या जमिनीवर व नदीकांठच्या गाळांत बाभूळ भरपूर होते. तिचें लाकूड जड, चिवट, घासाघिशीस टिकणारें. म्हणून तर गाडीचीं चाकें, नांगर, घाणे यांस तेंच लागे. पण बाभळीचें खोड सहसा सरळ व लांब नसतें, तेव्हां तिच्या लांब फळ्या निघत नाहींत. उलट तिच्या वाकड्या फांद्या नावेच्या आंतील वांकांस उत्तम. कारण ज्या लाकडाची शीर नैसर्गिकच वळलेली आहे त्याचा वांक कापून केलेल्या वांकाहून पुष्कळ बळकट होतो. नदीच्या खडकावर घासणाऱ्या बुडाच्या पट्टीसही तें योग्य. आंब्याचें खोड मोठें, फळ्या रुंद, तासण्यास सोपें; परंतु भिजण्या-वाळण्यांत तें लवकर कुजतें आणि त्यास किडा लवकर लागतो. तें वरच्या फळ्यांस व थोडक्या वर्षांच्या होडीस ठीक. कोंकणांत एकाच खोडास कोरून केलेल्या लहान होड्यांस आंबा वापरीत, आणि तेथें त्या कायम भिजलेल्या असल्यामुळें वाळण्याची बाधा थोडी. येथें तीच होडी उन्हांत तडकेल.

झाड ठरलें तरी निवड संपत नाहीं. सालीजवळचें पांढरें लाकूड कोणत्याही झाडाचें असो, तें आधीं किडतें व आधीं कुजतें. गाभ्याकडील रंगीत लाकूड घ्यावें लागतें. मात्र नेमका मध्य फळींत येऊं देऊं नये, कारण चीर तेथूनच सुरू होते. गांठी सुट्या असतील तर त्या गळून पडतात व भोंक राहतें. ओंडक्याच्या एका टोकास ठोकून दुसऱ्या टोकाशीं कान द्यावा. आवाज खणखणीत आला तर लाकूड सलग, बोदा आला तर आंत पोकळी किंवा कूज. हिरवें लाकूड कापून लागलीच बसविलें तर तें जाग्यावर आकसतें. म्हणून फळ्या सांवलींत, मध्यें वारा खेळेल अशा रचून वाळवाव्या लागतात.

खिळ्यांविषयींही एक गोष्ट हस्तलिखित-संग्राहकांस सहज पटेल. हिरडा व हिराकस यांच्या शाईनें लिहिलेला कागद कालांतरानें अक्षरांच्या जागींच विरतो, हें आपणां सर्वांच्या पाहण्यांत आहे. हिरड्याचा तुरटपणा आणि लोखंडाचा क्षार यांचा तो संयोग. बाभळींतही तसाच तुरटपणा आहे, म्हणूनच तिची साल कातडें कमावण्यास लागते. ओल्या बाभळींत लोखंडी खिळा ठोकला कीं त्याच्याभोंवतीं लाकूड काळें पडतें, खिळा झिजतो आणि भोंक सैल होतें. शाईनें पोथीचें जें होतें तेंच येथें खिळ्यानें वांकाचें होतें. लोखंडाविषयीं भोजानें दिलेला इशारा गोदावरीवर खरा ठरतो, पण चुंबकाच्या खडकांमुळें नव्हे; लाकडाच्या रसामुळें.

(५)

वरील विवेचनाचा उद्देश थोर ग्रंथांस कमीपणा आणण्याचा नाहीं. गोदातीरावरील नावेचा इतिहास ज्या साधनांवरून लिहावयाचा तीं साधनें हीं नव्हेत, एवढेंच सांगावयाचें आहे. खरीं साधनें निराळीं आहेत, आणि तीं आपल्याच दुर्लक्षानें नाहींशीं होत आहेत.

पोथी लाल कापडांत बांधून ठेवली जाते. महजर, सनद, इनामपत्र यांस संग्राहक मोल देतो. पण वाण्याचा जमाखर्च, सुतारास दिलेल्या मजुरीची याद, तेल, राळ व खिळे यांचा हिशेब, तरीच्या उत्पन्नाचा मक्ता, झाड विकल्याची पावती, हे कागद रद्दीच्या ढिगांत जातात. त्यांत राजाचें नांव नसतें आणि शिक्काही नसतो. वस्तुतः एका नावेस किती फळ्या लागल्या, त्या कोणत्या झाडाच्या, झाडाच्या धन्यास काय मिळालें आणि किती वर्षांनीं ती पुन्हां दुरुस्तीस काढली, हें सांगण्याची योग्यता अशाच कागदांत असते. इतिहासाचार्य राजवाड्यांनीं गांवोगांव हिंडून जीं दप्तरें वांचविलीं, त्यांचें महत्त्व केवळ राजकारणाच्या पत्रांत नव्हतें. समाजाचा रोजचा व्यवहार त्यांतून दिसूं लागला, हेंही त्यांचेंच फळ. परभणी जिल्ह्याचें राजकीय दप्तर फारसी व उर्दूंत असून त्याचा मोठा भाग हैदराबादेच्या अभिलेखागारांत गेला. मोडींतील घरगुती कागद मात्र तीरावरील वाड्यांतच राहिले, आणि पडक्या वाड्याबरोबर तेही पडतात.

हे कागद वाचतांना दोन सावधगिऱ्या ठेवाव्या. पहिली शब्दांची. ‘नाव’ असा शब्द आला म्हणजे लाकडाची होडीच होती असें समजूं नये. भोपळ्यांची सांगड, लाकडांचा ताफा आणि उसाचा रस आटविण्याची काहील, यांवरूनही माणसें पूर उतरत आलीं आहेत. हिशेबांत फळ्या, खिळे, राळ यांचा खर्च असेल तरच होडी गृहीत धरावी. दुसरी सावधगिरी गांवांच्या नांवांची. पाथरी तालुक्यांत गोदावरीच्या कांठीं तारूगव्हाण नांवाचें गांव आहे. तारू म्हणजे नाव. तेव्हां येथें नावा बांधीत असत, असें लिहून मोकळें होण्याचा मोह कोणासही होईल. परंतु ग्रामनामावरून व्यवसाय सिद्ध होत नाहीं. तें नांव फार तर कोठें शोधावें एवढें सुचवितें. त्या गांवच्या जुन्या बाडांत सुताराच्या मजुरीची एक ओळ मिळाली, तर ती ओळ शंभर व्युत्पत्तींहून वजनदार ठरेल.

या शोधास आतां घाई केली पाहिजे, कारण नदी स्वतःच बदलली आहे. पैठणचें जायकवाडी धरण १९७६ मध्यें पूर्ण झालें. पुढें परभणी जिल्ह्यांत ढालेगांव, तारूगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस असे बंधारे गोदावरीवर झाले. जेथें पूर्वीं उतार होता तेथें पाणी साठलें, जेथें नाव लागे तेथें पूल झाला. मराठवाड्यांतील कित्येक जलाशयांवर मासेमार थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून जाळें टाकतो. त्यास ना बाभळीचा वांक लागतो, ना आंब्याची फळी. ज्यानें आपल्या हातानें होडी जोडली असा सुतार कोणत्याही गांवीं आढळला, तर त्याच्याजवळ बसून नावेच्या प्रत्येक भागाचें नांव, त्याचें लाकूड आणि त्या लाकडाचें कारण हीं लिहून घ्यावीं. नांव त्याच्याच तोंडचें लिहावें. कोंकणी शब्द देशावर आणून त्याच्या तोंडीं घालूं नयेत.

जनाबाईचें गंगाखेड, निजामशाहीच्या मूळपुरुषाशीं संबंध सांगणारी पाथरी, चारठाण्याचीं देवालयें, यांविषयीं लिहिणारे पुष्कळ आहेत आणि पुढेंही होतील, कारण दगड टिकतो. लाकूड टिकत नाहीं. गोदावरीवरची एकही जुनी नाव आज कोणत्या वस्तुसंग्रहालयांत ठेवण्याजोगी सांपडली नाहीं, तरी तिच्या एका दुरुस्तीची याद सांपडूं शकते. ज्यांच्या घरीं तीरावरील गांवांचे मोडी रुमाल असतील त्यांनीं ते पुन्हां एकवार सोडून पाहावे. सनदा काढून घेतल्यावर खालीं जे बारीक हिशेब उरतात ते फेंकूं नयेत, आणि त्यांत झाडाचें नांव व त्याच्या धन्याचें नांव एका ओळींत आढळलें, तर ती ओळ नक्कल करून या मंडळाकडे पाठवावी.